अडकलेले कुलूप आणि अवजाराची पूजा
खंडेनवमीला परभणी जिल्ह्यात तीनचाकी रिक्षांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार चढतो. अवजाराची पूजा तेवढ्याने पुरी होते का, हा प्रश्न डिकीचे कुलूप अडकले की उभा राहतो. किल्लीवर जोर केला तर ती आतच तुटू शकते. झाकण दाबून धरले की खटक्यावरचा ताण उतरतो. भोकातली धूळ फुंकून, ग्राफाइटची पूड घालून किल्ली हलक्या हाताने मागेपुढे केली की कुलूप बहुधा सुटते. तेल टाळावे, त्यावर धूळ चिकटते. कामाच्या अशा निगेचा पूजेशी संबंध काय? याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंसोबत विठ्ठल जात्यावर दळायला बसे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेत काम आणि भक्ती वेगळी राहत नाहीत. म्हणूनच अवजाराची निगा हीही पूजाच ठरते, आणि ती वर्षभर करावी लागते.