आधी पाळणा, मग पाटी

एका तरुणीने ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संस्था काढायचं मनावर घेतलं. सात जण जमवले, घटना लिहिली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हेलपाटे घातले. नोंदणी झाली, देणगीदारही भले भेटले. दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या कारखान्याच्या तळावर उतरल्या, तोवर तिथे पत्र्याची शेड उभी होती. फळा टांगला होता, नव्या पाट्या मांडून ठेवल्या होत्या.

मुलगे थोडेफार आले. मुली जवळजवळ नाहीतच. ‘या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही,’ असं बैठकीत कुणी म्हणालं आणि जनजागृतीची पत्रकं छापायचं ठरलं. हे वाक्य किती सहज बोललं जातं! दिवसभर ऊस तोडून जिचे तळहात सोलवटतात, त्या आईइतकं शिक्षणाचं महत्त्व दुसऱ्या कुणाला कळणार?

पत्रकं घेऊन ती तरुणी, सगळ्यांची ताई, तळावर गेली, तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. नवरा-बायकोच्या जोड्या कोयते घेऊन पहाटेच फडात गेलेल्या. एका कोपीपुढे नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. मांडीवर वर्षाचा भाऊ. ताटलीतली भाकरी ती पाण्यात कुस्करत होती आणि बोटाने त्याला भरवत होती.

“शाळेत का येत नाहीस गं?”

“आले व्हते की. ह्यो रडाया लागला. सर म्हनले, ह्याला घरी ठिवून ये.” तिने भावाचं तोंड पुसलं. “माय उसात. ह्याला कोन बघंल?”

ताईने पत्रकं पिशवीत ठेवली.

गावात एक निवृत्त शिक्षिका राहत. ताई त्यांच्याकडे गेली. बाईंनी ऐकून घेतलं आणि ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट काढली. 1945 साली बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम वाढलं. थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळण्यात अडकलेली, म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणातच शाळा भरवली.

“मूल का येत नाही, हे आधी त्या मुलालाच विचारावं,” बाई म्हणाल्या. “ते जे सांगेल, तिथून संस्थेचं काम सुरू होतं. तू शेडपासून सुरू केलंस.”

पुढच्या बैठकीत ताईने पाळणाघराचा विषय मांडला. एक विश्वस्त अडून बसले. “देणगी शिक्षणासाठी घेतली आहे. पाळण्यांवर आणि दुधावर खर्च कसा दाखवायचा?” ते प्रामाणिक माणूस होते, हिशेबाला चोख. ताई त्यांना दुसऱ्या दिवशी तळावर घेऊन गेली आणि त्या मुलीच्या कोपीपुढे बसवलं. ते तासभर बसले. परतताना त्यांनीच सुचवलं, की शेडचा अर्धा भाग पाळणाघराला द्यावा.

तळावर एक आजी होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना फडात जाणं होत नव्हतं. त्यांना पगार देऊन बाळं सांभाळायला ठेवलं. लुगड्याच्या झोळ्या बांधल्या, दूध सुरू झालं. आठवड्याभरात मुली येऊ लागल्या. भाऊ रडला तर उठून त्याला बघून यायची मुभा त्यांना होती.

तरी काही मुलगे दुपारनंतर गायब होत. आता कुणी पत्रकं छापली नाहीत. विचारल्यावर कळलं, ते उसाचे वाढे विकायला जातात. मग त्यांचा वर्ग संध्याकाळी दिवे लावून भरू लागला.

हंगाम संपत आला, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. टोळ्या गावी परतल्यावर या मुलांचं शिकणं तिथे पुढे चालू राहायला हवं होतं. ताई वही घेऊन मुकादमांकडे बसली आणि कोणतं मूल कोणत्या गावचं, तिथल्या शाळेत नाव आहे का, ते एकेक करून लिहून घेऊ लागली.