कुरकुरीचे वजन

‘चादर पूर्वीसारखी राहिली नाही’ हे वाक्य सोलापुरात इतक्या वेळा कानावर पडते की त्यात तक्रार उरलेली नाही, नुसती सवय उरली आहे. त्याच दमात शेंगाचटणीचे पाकीट लहान झाले, कडक भाकरी पातळ झाली, दहा रुपयांच्या पुड्यात आता हवाच जास्त, हेही येते. या कुरकुरीचा खरा वैताग असा की ती काही मागत नाही. सूत, तेल, वीज, मजुरी यांतले काहीच जुन्या भावात मिळत नसेल, तर वस्तू तरी जुन्या भावात कशी मिळावी? मग हे सारे म्हातारपणाचे बोलणे म्हणून सोडून द्यावेसे वाटते. पण त्याआधी एक फरक पाहिला पाहिजे. वस्तू महाग होणे वेगळे आणि वस्तू कमी होणे वेगळे. भाव वाढला की दुकानदाराला तो तोंडाने सांगावा लागतो. गिऱ्हाईक नाही म्हणते, अर्धा किलोच घेते, नाहीतर पुढच्या दुकानाची पायरी चढते. माप घटले की ही बोलाचालीच होत नाही. शिवाय त्यातला आकडाही चकवतो. तेवढ्याच पैशांत १०० ग्रॅमच्या जागी ८० ग्रॅम आले तर माल २० टक्क्यांनी घटला असे आपण म्हणतो. दर मात्र २५ टक्क्यांनी चढलेला असतो.

पुडा लहान करणाऱ्यांचा कैवारी यावर म्हणतो, वजन छापलेले असते, वाचायचे कोणी? कायदा त्याच्या बाजूने आहे, आणि हल्ली तर अधिकच. वेष्टनातील वस्तूंसाठीच्या २०११ च्या वजनमापे नियमांत बिस्किटे, चहा, साबण अशा काही वस्तूंची ठरावीक वजनेच नेमून दिली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती यादी गेली आणि त्याऐवजी दर ग्रॅमला किंवा किलोला किती पैसे पडतात ते छापण्याचे बंधन आले. कागदावर ही सुधारणा आहे. पण तुलनेला दोन आकडे लागतात आणि पुड्यावर असतो एकच. मागच्या महिन्याचा पुडा केव्हाच कचऱ्यात गेलेला असतो. फ्रान्सने नेमके हे ओळखले. तिथे १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, भाव न उतरवता माप घटवलेल्या वस्तूपाशी दोन महिने तसा फलक लावावा लागतो. तिथे घट झाली आहे हेच दुकानाला सांगावे लागते, नुसते वजन छापून सुटका होत नाही. कैवाऱ्याचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. विड्या वळणाऱ्या बाईच्या किंवा मागावरच्या कामगाराच्या हातात दहाच रुपये असतील, तर बारा रुपयांचा पुडा तिच्या-त्याच्यासाठी बाजारात नसल्यासारखाच. हे मान्य करावे लागते. पण यातून लहान पुडा असावा एवढेच सिद्ध होते. जुन्याच वेष्टनात, जुन्याच चित्राखाली तो गुपचूप लहान व्हावा, हे नव्हे.

पूर्वीची मापे तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? थोडे विषयांतर होईल, पण मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या मुलखात ते टाळवत नाही. शेर, मापटे, अधोली, पायली ही घनफळाची मापे. गावोगावचा शेर वेगळा, आणि एकाच शेरात सपाट भरणे आणि शिगोशीग भरणे यांत मूठभर धान्याचा फरक. मोजणाऱ्याचा अंगठा मापाच्या आत जायचा, घेणाऱ्याची नजर त्या अंगठ्यावर असायची. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे आली, हा गोंधळ मिटला आणि ते चांगलेच झाले. मात्र जुन्या व्यवहारात व्यापारी प्रामाणिक होता म्हणून माप पुरे पडत नव्हते. समोर कोणीतरी ‘अजून घाला’ म्हणत उभे होते म्हणून पडत होते. बंद पुड्याने वजन अचूक केले आणि त्या माणसाला घरी पाठवले.

आता चादरीकडे. इथे तिसराच प्रकार आहे. चादरीची लांबी-रुंदी तीच राहते, जकार्डची नक्षीही तीच, दोन्ही बाजूंनी दिसणारी. घटते ते आतले सूत. वेष्टनावर नियम चादर-टॉवेलची मापे मागतात ती मुख्यतः लांबी-रुंदीची, त्यामुळे ही घट कोणत्याही आकड्यात सापडत नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून सुमारे दोन दशके झाली, तरी पानिपतकडून येणारी स्वस्त नक्कल त्याच नावाने विकली जाते. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला किंवा पूर्व भागातला यंत्रमागधारक तरी काय करणार? पूर्ण सुताची चादर विणून भाव सांगितला तर गिऱ्हाईक नकलेकडे वळते. भाव धरला तर सूत कमी करावे लागते. इथे एक आक्षेप रास्त आहे. लोकांनाच जड चादर नको झाली असेल. फ्लॅटमध्ये वाळत घालायला जागा नाही, धुलाईयंत्रात ती भिजून दुप्पट होते, थंडीला गुबगुबीत ब्लँकेट आले. खरे आहे, मागून घेतलेला हलकेपणा हा दोष नव्हे. पण मग ती हलकी चादर म्हणून विकायला काय हरकत आहे? पुड्याला लावलेला न्याय इथेही लागतो: लहान असणे चालेल, हलके असणे चालेल, फक्त न सांगता नको.

आणि सांगितले नाही, तर ते ओळखायचे कोणी? चादर हातात घेऊन तिचा भार जोखणारी, वीस वर्षांपूर्वीच्या चादरीशी ताडणारी व्यक्ती म्हणजे नेमकी तीच कुरकुर करणारी. मागचा आकडा ना पुड्यावर असतो, ना मानांकनाच्या दाखल्यावर. तो तिच्या हातात असतो. ज्या बोलण्याला सुरुवातीला नुसती सवय म्हटले, ती बिनपगारी तपासणी आहे. फक्त ती मोघम आहे. ‘पूर्वीसारखी नाही’ याला दुकानदाराकडे उत्तर नसते आणि ते त्याला सोयीचेच असते; ‘हिचे वजन किती?’ याला उत्तर द्यावे लागते. सोलापूरच्या कारखानदारांनी लांबी-रुंदीशेजारी ग्रॅमचा आकडा स्वतःहून छापला, तर नकलेशी झुंजायला मानांकनाच्या शिक्क्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल, कारण नाव चोरणे सोपे, सूत चोरून तराजूवर उभे राहणे अवघड. ते होईपर्यंत कुरकुर करणाऱ्यांना गप्प करण्यात कोणाचाच फायदा नाही. त्यांनी कुरकुरावे, पण ग्रॅममध्ये.