सेवा घेण्याचा धर्म



एका वासनिक गृहस्थांनी विचारले, "वडिलांचे वय ८२. आयुष्यभर नांगर धरलेला माणूस. पहाटे न्हाणीकडे जाताना दोनदा पडले. तरी हात धरू देत नाहीत, काठी घेत नाहीत, औषध बाजूस सारतात. सेवा करावयास आम्ही सिद्ध आहोत, पण ती घेणाराच नाही. पुत्राने काय करावे?"

प्रश्न घरोघरचा आहे. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. कर्तव्य टाळणाऱ्या अपत्यास त्याने बांधून घेता येते. परंतु देणारा सिद्ध आणि घेणारा विमुख, तेथे कायद्याचे काही चालत नाही. तेथे विचाराचे आणि वाणीचेच काम.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. परमेश्वराची सेवा आणि मातापित्यांची सेवा एक नव्हेत. परमेश्वर, देवता, जीव व प्रपंच हे चारही पदार्थ भिन्न. जीवाची सेवा मोक्षदायक होत नाही. तथापि सेवा कशी करावी, ही रीत मात्र ऋद्धिपुराहून शिकता येते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्यादी भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. राऊळांची क्रीडा लोकविलक्षण. कधी हसावे, कधी रागवावे, कधी कोणाच्याही घरी शिरून अन्न सेवावे. भक्तांनी त्यांस आपल्या सोयीच्या चाकोरीत बसविले नाही. त्यांची प्रवृत्ती पाहून आपली सेवा वळविली. राऊळांनी विवाहाची लीला मनी आणली, तेव्हा भक्तजन "हे कशास?" म्हणत बसले नाहीत, सोहळ्यास लागले. त्याच प्रसंगी महदाइसांच्या मुखातून धवळे प्रकट झाले आणि मराठीस तिची आद्य कवयित्री लाभली. समोरच्याचे मन राखून केलेल्या सेवेचे हे फळ होय.

आता आपल्या घराकडे पाहावे. आपण वृद्धांस विचारतो की आज्ञापितो? "आता तुमच्याने होत नाही, गप्प बसा," हे वाक्य काळजीचे खरे, पण ऐकणाऱ्याच्या कानी ते राज्य गेल्याची दवंडी होते. ज्याने घर उभे केले त्यास त्याच घरात पाहुणा केले, तर तो हात झिडकारणारच. तो सेवा नाकारीत नाही, परतंत्रता नाकारतो. म्हणून चारचौघांत त्यांच्या पडण्याची कथा सांगू नये. एकांती, शांत वेळी विचारावे, "बाबा, पहाटे मी सोबत येऊ, की दाराबाहेर थांबू? काठी ठेवायची तर कोणत्या कोपऱ्यात?" उत्तर "नको" आले तर त्या दिवशी तेथेच थांबावे, चार दिवसांनी पुन्हा विचारावे. जे त्यांस करता येते, ते त्यांचेच राहू द्यावे. शेंगा फोडणे, वासराला चारा टाकणे, नातवास नामस्मरण शिकविणे, हे काढून घेतले म्हणजे उरते ते केवळ अंथरूण. तसेच, वडिलांचे उठणे-बसणे ज्या सुनेवर येते, तिचे मतही त्या बोलण्यात असावे; तिचे कष्ट गृहीत धरणे हीही सेवा नव्हे.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्याची स्मृतीच ढळली, जो चूल पेटती ठेवून विसरतो, रात्री विहिरीकडे चालू लागतो, त्याच्या अनुज्ञेची वाट पाहत बसणे योग्य नव्हे. तेथे पुढे होऊन हात धरावाच. परंतु धरणारा हात रक्षकाचा असावा, शिपायाचा नसावा.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांस. आपल्या पंथात भिक्षेस मोठे स्थान आहे. ती काही उदरभरणाची सोय नव्हे. ती अहंता झिजविण्याची शाळा आहे. काल जो दहा जणांस जेवू घालीत होता, तो भिक्षु होऊन दारी उभा राहतो आणि झोळीत पडेल ते निमूट घेतो. त्यात त्याची मानहानी होत नाही. उलट 'मी देणारा' हा ताठा गळतो. वार्धक्य ही गृहस्थाच्या दारी आलेली तीच शाळा होय. शरीर प्रपंचाचे आहे, ते झिजणारच. त्यास आधार लागला म्हणून जीवास उणेपणा येत नाही. "मला कोणाचे काही नको" हे वैराग्याचे वाक्य वाटते, पण पुष्कळदा त्यात अभिमानच वेष पालटून बोलतो. खरा विरक्त घ्यावयास लाजत नाही आणि न मिळाल्यास रुसत नाही.

आणि पुत्राने हेही स्मरावे की, भिक्षा वाढणाराही नम्र असावा लागतो. झोळीत अन्न फेकले तर ते अन्न राहिले, दान गेले. बापाच्या हाती औषधाची गोळी देताना हे ध्यानी असू द्यावे. देणाऱ्याने अधिकार सोडावा, घेणाऱ्याने अभिमान सोडावा. मग न्हाणीच्या वाटेवर एका हाताने दुसरा हात धरण्यास कोणाचीच हरकत उरत नाही.

दंडवत प्रणाम.