दाताची साक्ष

जर्मनीत लुडविग्सबुर्गजवळच्या होहेनेक येथे, ट्रायासिक काळातील सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, सेराटोडस या लुप्त फुप्फुसमाशाच्या दंतपट्टिका सापडतात. अख्खा मासा मात्र सहसा हाती लागत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या शरीररचनेतच आहे. सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा, म्हणून कुजून जाणारा; टाळूला आणि खालच्या जबड्याला आतून जडलेल्या, पंख्यासारख्या कंगोऱ्यांच्या पट्टिका तेवढ्या दगडासारख्या टणक. लुई अगासी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘शिंगासारखा दात’ अशा अर्थाचे हे नाव दिले ते केवळ पट्टिका पाहून, आणि या प्राण्याला त्यांनी शार्कच्या गोतावळ्यात बसवले. दात साक्ष देतो, निवाडा देत नाही, हे मानले असते तर ही चूक टळली असती.

यावर कोणी म्हणेल, की अखेर दातानेच बाजी मारली. ब्राउनश्वाइगला जन्मलेले गेरार्ड क्रेफ्ट यांनी 1870 मध्ये सिडनीत क्वीन्सलँडचा एक मासा पाहिला आणि दातांवरूनच तो सेराटोडस असल्याचे ओळखले. हे खरे, पण तो शार्क नव्हे हे पटले ते फुप्फुस, पर आणि कवटी समोर आल्यावर. होहेनेकपासून फार दूर नसलेल्या एसलिंगेनचे आल्बर्ट ग्युंटर यांनी 1871 मध्ये त्याची सविस्तर शरीररचना मांडली. पुढे जिवंत माशाला निओसेराटोडस ही वेगळी प्रजाती मिळाली. म्हणजे दाताने नाते बरोबर सांगितले, प्रजाती नाही.

जातींच्या बाबतीत तर अधिक जपायला हवे. ही पट्टिका पडून नवी येत नाही. माशाबरोबर आयुष्यभर वाढते आणि झिजतेही. पिलाचे धारदार कंगोरे वयात बोथट होतात. तेव्हा दोन पट्टिकांत फरक दिसला, की तो जातीचा की वयाचा, हे आधी विचारावे लागते. गोदावरी खोऱ्यातल्या मालेरीच्या पट्टिकांना थॉमस ओल्डहॅम यांनी 1859 मध्ये नावे दिली. त्यांतले एक नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावावरून आहे. अशा प्रत्येक नावाला हीच कसोटी लागू पडते. मग दातांवरून नावे देऊच नयेत का? तसे केले तर बहुतेक थर मुकेच राहतील. नाव जरूर द्यावे; पण कवटी सापडेपर्यंत ते कच्च्या खात्यातच ठेवावे.