आजचं चिंतन : किळस आणि विवेक



आजचा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा. ज्ञानी माणूस विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्याकडे समदृष्टीने बघतो, असं भगवंत सांगतात. श्वपाक म्हणजे कुत्र्याचं मांस खाणारा. समाजाला ज्याची किळस यायची, तोही या यादीत आहे. मग आपल्या किळसेवर किती विसंबायचं?

२०२२ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पकडलेल्या शिकाऱ्यांवर घोरपडीवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप झाला. बातमी वाचून सगळे "शी!" म्हणाले. ती 'शी' खरीच. पण ऑन-कॉलला अलर्ट वाजला की काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं. काय बिघडलं ते लॉग वाचल्यावर. किळसेचंही तसंच.

१८६० च्या दंडसंहितेतल्या ३७७ कलमाने प्राण्यावरचा अत्याचार आणि दोन पुरुषांचे राजीखुशीचे संबंध एकाच 'अनैसर्गिक' शब्दात कोंबले होते. किळसेला फरक दिसला नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवला, संमतीच्या कसोटीवर. प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून सुटले, प्राण्यांबद्दलचा भाग राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र तसं कलमच नाही. गल्लीतल्या कुत्रीसाठी मुख्यतः उरला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये!

आता कोणी विचारेल, "म्हशीला इंजेक्शन देऊन गाभण करता, तेव्हा तिची संमती घेता का?" प्रश्न टोचतो, कारण कल्याणच्या तबेल्यांतलं दूध आपल्या चहात आहे आणि सोमवारच्या अभिषेकातही. इथे कोणाला "शी" वाटत नाही. सवयीच्या गोष्टींना अलर्ट वाजतच नाही.

मला वाटतं, मुक्या जीवाला 'हो' म्हणता येत नाही, म्हणून सगळी जबाबदारी आपल्यावर येते. तो अंग चोरतो, हंबरतो, पळू बघतो, ते वाचायचं. आणि विचारायचं : यात त्याचं काही भलं आहे, की फक्त माझं? डॉक्टरकडे नेलेलं मांजरही ओरबाडतं, पण ते त्याच्या भल्यासाठी. अत्याचार इथे सरळ नापास होतो. तबेला आणि अत्याचार एक नाहीत, पण परीक्षा दोघांचीही आहे. माझ्याही घरी रोज दूध येतं, म्हणून ती माझीही.

समदृष्टीची सुरुवात बहुधा इथूनच होते. आज एवढंच.

राम कृष्ण हरी.