शिफारसपत्राची नीति

परीक्षांचे निकाल लागले, कीं सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांतून शिफारसपत्रांचा हंगाम सुरू होतो. दारीं आलेल्या विद्यार्थ्यास विन्मुख धाडणें आम्हां शिक्षकांच्या जिवावर येतें. मग लेखणी सैल सुटते आणि ज्याचें नांवहि धड आठवत नाहीं, तो 'अत्यंत बुद्धिमान व सच्छील' ठरतो.

यास औदार्य म्हणावें काय? औदार्य पदरचें खर्चून करावयाचें असतें. येथें खर्च होतो तो दुसऱ्याचा. आमच्याच हातून एकदां असें घडलें. भिडेखातर आम्हीं एकाची वारेमाप स्तुति केली व त्यास जागा मिळाली. ती हुकली ती जतकडील एका खरोखर गुणी मुलाची. त्यानें संकोचानें आमच्याकडे पत्र मागितलेंच नव्हतें.

दोष लिहावा, तर कायद्याचें भय दाखविलें जातें. तें अगदींच निराधार नाहीं. त्रयस्थास धाडलेल्या पत्रांतील निंदाहि अब्रूनुकसानी ठरूं शकते. १८६० च्या दंडसंहितेचें ४९९ वें कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचें ३५६ वें कलम आलें. तरी सद्भावनेनें, कोणाच्या हितरक्षणार्थ केलेल्या दोषकथनास असलेला अपवाद कायम आहे. मात्र यथायोग्य काळजीवांचून केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानीत नाहीं. इंग्लंडांतहि लॉर्ड्सच्या सभागृहानें १९९४ सालीं, माजी नोकराविषयीं निष्काळजीपणें अभिप्राय लिहिणारा मालक नुकसानीस जबाबदार ठरूं शकतो, असा निर्णय दिला. तात्पर्य, कायदा मौन मागत नाहीं, चौकशी मागतो. नीतीचें मागणें याहून निराळें नाहीं.

१९०० सालीं साताऱ्याच्या शाळेंत दाखल झालेल्या डॉ. आंबेडकरांसाठीं कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनीं १९२० सालीं लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांस पत्र लिहून संशोधनांत साहाय्य करण्याची विनंती केली. त्या शब्दांस वजन होतें, कारण लिहिणारानें आपल्या शिष्याचें काम स्वतः पाहिलें होतें.

म्हणून आमचें नम्र मत असें, कीं जें पाहिलें तेवढेंच लिहावें. आणि पाहिलेंच नसेल, तर तसें विद्यार्थ्यास तोंडावर सांगावें. तें क्षणभर कठोर वाटेल. परंतु ज्या शिक्षकास 'नाहीं' म्हणतां येत नाहीं, त्याच्या 'होय'ला किंमत ती काय राहणार?