परीक्षानळी आणि पाचारण

मुलाने जीवरसायनशास्त्र घेतले असे कळताच धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पुढे नोकरी कुठली?’ आम्हांस तो क्षुद्र वाटत नाही. कर्ज काढून शिकविणाऱ्या बापाने तो विचारू नये म्हणणे, हे भरल्या पोटीचे तत्त्वज्ञान होय. उत्तरही अवघड नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुढे औषधांचे कारखाने, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा, अध्यापन, संशोधन. शिवाय उसाच्या या मुलुखात मळीपासून मद्यार्क काढणारे प्रकल्प आहेतच.

परंतु नोकरी आणि पाचारण यांत अंतर कोणते? पाचारण म्हटले की आपल्या नजरेपुढे सेमिनरी वा कॉन्व्हेंटच उभे राहते. १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी हटल्या नाहीत. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला, तो गरिबांच्या कुपोषित मुलांसाठी व गर्भवतींसाठी. केंब्रिजहून ताडामाडाच्या रसाकडे! कुणास ही उतरण वाटेल, आम्हांस नाही.

तथापि अशा मोठ्या नावांनी आपली सुटका होत नाही. कसोटी फार बारीक जागी लागते. मधुमेह्याचे रक्त नळीत घेतले तरी त्यातील पेशी जिवंतच असतात व साखर खात राहतात. म्हणून नळीत फ्लोराइड लागते. ते नसेल आणि नमुना तासन्‌तास पडून राहिला, तर अहवालात साखर कमी दिसते, आणि रोगी निर्धास्त घरी जातो. कोणी खोटे बोलले नाही. आकडा यंत्राने दिला तोच आहे. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो, ती नेमकी अशा वेळी आठवावी.

आता, ज्याचे घर त्याच पगारावर चालते, त्याने घाईत असलेल्या मालकास ‘हा नमुना टाकून द्या, पुन्हा रक्त घ्या’ असे सांगावे काय? आमचे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र त्यापायी त्याची नोकरी गेली, तर त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्यास आपल्यापैकी किती जण पुढे येतील, हेही आम्ही स्वतःस विचारले पाहिजे.